एक्केचाळीस पाळ्यांचा अनोळखी माणूस

सुदाम बनकर पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा दोषारोपपत्राची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

"बाई, यात लिहिलंय की मी कामावर नव्हतो," ते म्हणाले. "मग मी कुठं होतो, तेवढं तरी यांना विचारा."

रांजणपूर नगरपरिषदेच्या आस्थापना शाखेत मी एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. कर्मचाऱ्यांवरची दोषारोपपत्रं माझ्याच टेबलावर तयार व्हायची. निवृत्तीनंतर मी बाजू बदलली. चौकशीला सामोरं जाणाऱ्या माणसाला आपल्या मदतीला एखादा सेवेतला किंवा निवृत्त कर्मचारी घेता येतो, त्याला बचाव सहायक म्हणतात. ते काम मी करू लागले. चौकशीच्या कागदांत त्या माणसाचा उल्लेख 'अपचारी', म्हणजे गैरवर्तन करणारा, असा होतो. आरोप सिद्ध व्हायच्या आधीपासूनच. एकतीस वर्षं तो शब्द लिहिताना मला काही वाटलं नव्हतं, आणि समोर बसलेल्या बनकरांकडे बघताना तो शब्द माझ्याच्याने वाचवेना.

एक्कावन्न वर्षांचा सडसडीत माणूस. जलशुद्धीकरण केंद्रावर सव्वीस वर्षं ऑपरेटर. तुरटीचं प्रमाण ठरवणं, गाळणटाक्या धुणं, क्लोरीनच्या खोलीतल्या नळकांड्यांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. आरोप तीन होते. चौदा महिन्यांत एक्केचाळीस पाळ्यांना ते गैरहजर राहिले. त्या पाळ्यांना त्यांनी स्वतःच्या जागी एका अनोळखी माणसाला क्लोरीनच्या खोलीत पाठवलं. आणि त्या माणसाकडून नोंदवहीत स्वतःच्या नावाने नोंदी करून घेतल्या. यातला दुसरा आरोप जरी सिद्ध झाला तरी माणूस नोकरीतून जाणार, हे मला पहिल्या वाचनातच कळलं.

"तुमच्या पाळीला दुसरं कोणी असतं?"

"पंपघरात एक जण असतो, तो पलीकडे अर्धा किलोमीटरवर. इकडे मी एकटाच."

"कॅमेरा?"

"क्लोरीनच्या हवेनं खराब झाले. दोनदा बदलले, मग सोडून दिले."

म्हणजे साक्षीला राहिली फक्त फरशी.

या फरशीबद्दल थोडं सांगायला हवं. केंद्रावर हजेरीसाठी बोटांचे ठसे चालत नसत, कारण चुना आणि ब्लीचिंग पावडरीने ऑपरेटरांची बोटं सोललेली असायची. चेहरा ओळखणारं यंत्र लावलं, तर आत जाताना तोंडावर गॅसचा मुखवटा. म्हणून २०३६ साली प्रवेशाच्या बोळात नवी फरशी बसवली. तिच्या खाली एक प्रकारचे स्फटिक असतात. स्फटिकावर दाब पडला की त्यातून विजेचा बारीकसा झटका निघतो, जेवढा दाब तेवढा झटका. माणूस चालताना टाच आधी टेकवतो, मग पाऊल पुढे लोळवतो, मग अंगठ्याने जमीन ढकलतो. हे सगळं किती जोरात, किती वेळात, दोन पावलांत किती अंतर ठेवून होतं, ते प्रत्येकाचं वेगळं. आपण घरात बसल्या बसल्या बाहेरच्या पावलांवरून कोण आलं ते ओळखतो, तेच काम हे यंत्र आकड्यांनी करतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या चालीचा नमुना घेतला आणि तो कायमचा बंद करून ठेवला, म्हणजे कोणी त्यात फेरफार करायला नको. त्यानंतर रोज आलेल्या माणसाची चाल त्या नमुन्याशी ताडून बघायची. नव्वद टक्क्यांच्या वर जुळली तर हजर. खाली गेली तर नोंद पडायची, 'अनोळखी व्यक्ती'.

अशा नोंदी एका मेलवर जमा होत होत्या. तो मेल कोणी उघडतच नव्हतं. वार्षिक तपासणीत तो उघडला गेला आणि बनकर निलंबित झाले.

मी नगरपरिषदेकडे अर्ज केला. यंत्राने केवळ निष्कर्ष दिला आहे, तो कशावरून काढला ते आकडे द्या. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'मागणी केलेली माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने पुरविता येत नाही.' फरशी बसवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की आकडे दिले तर त्यांच्या यंत्राचं गुपित फुटेल.

ते वाक्य माझंच होतं. वीस वर्षांपूर्वी एका वाहनचालकाला मी ते लिहून पाठवलं होतं, आणि तेव्हापासून आस्थापना शाखेत तेच वापरलं जात होतं. तो चालक पुढे नोकरीतून गेला, ते मला आठवत होतं. मी दुपारभर काही काम केलं नाही.

चौकशी अधिकारी होते दिगंबर फुलारी, निवृत्त उपजिल्हाधिकारी. कमी बोलणारे, आणि प्रत्येक कागदावर स्वतः पृष्ठक्रमांक घालणारे. नगरपरिषदेची बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी म्हणून हर्षद लोखंडे नेमला होता. हर्षद माझ्या हाताखाली तयार झालेला. मसुदा कसा लिहायचा ते मीच त्याला शिकवलं होतं, आणि पहिल्या सुनावणीत त्याचा मुद्देसूदपणा बघून मला एकाच वेळी कौतुक वाटलं आणि भीतीही.

त्याने आधी फरशीचा अहवाल दाखवला. मग नोंदवह्या काढल्या.

"साहेब, ही दोन वर्षांपूर्वीची नोंद आणि ही निलंबनाच्या आधीच्या महिन्यातली. आधीचं अक्षर मोठं, मोकळं आहे. नंतरचं बारीक आहे, ओळीच्या शेवटी तर आणखी बारीक होत जातं. एकाच माणसाचं वाटत नाही. यंत्र एक सांगतं, अक्षर तेच सांगतं. दोन स्वतंत्र पुरावे आहेत."

फुलारी साहेबांनी दोन्ही पानं खिडकीजवळ नेऊन बघितली. मलाही ती दोन माणसांची वाटली. बनकर माझ्या शेजारी ताठ बसले होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, घाबरणं नाही. एवढा कोरा चेहरा बघून मला क्षणभर शंका आली, आणि ती आली म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

माझी पाळी आली तेव्हा माझ्याजवळ एकच मुद्दा होता.

"साहेब, या प्रकरणातला मुख्य साक्षीदार फरशी आहे. हर्षदनी साक्षीदार आणला असता तर मी त्याला विचारलं असतं, तू काय पाहिलंस, किती लांबून, तुझी नजर ठीक आहे ना. इथे मला कोणाला विचारायचं? आकडे मिळत नाहीत, कंपनीचं माणूस येत नाही."

"मॅडम, यंत्र खोटं कशाला बोलेल?" हर्षद म्हणाला.

"खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. चुकतं का, ते मला बघू दे."

फुलारी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लोखंडे, या अहवालावर मी एका माणसाची सव्वीस वर्षांची नोकरी घालवू शकतो. तेव्हा कंपनीचं गुपित सांभाळणं हे माझं काम नाही. पंधरा दिवसांत सगळे आकडे बचाव पक्षाला द्या आणि ते समजावून सांगणारा माणूस इथे हजर करा. नाहीतर हा अहवाल मी पुराव्यातून काढून टाकतो."

तेराव्या दिवशी आकडे आले. सहाशे अकरा पाळ्या, प्रत्येक पाळीतलं प्रत्येक पाऊल. पहिले दोन दिवस मला काहीच कळलं नाही. मग मी शाळेतल्यासारखा आलेखाचा कागद आणला आणि रोजचा जुळण्याचा आकडा टिंब टिंब करून मांडत गेले. सुरुवातीला अठ्ठ्याण्णव. तीन महिन्यांनी सत्त्याण्णव. मग पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. पुढे नव्वदच्या आसपास खालीवर, आणि जिथे तो नव्वदच्या खाली गेला तिथे तिथे 'अनोळखी'.

मी पेन्सिल खाली ठेवली. दुसरा माणूस आला असता तर आकडा एका दिवसात कोसळला असता. चाळीसवर, तीसवर गेला असता. हा आकडा जिना उतरल्यासारखा उतरत होता. एक्केचाळीस पाळ्यांचा तो अनोळखी माणूस सुदाम बनकरच होता. पण मग बनकरांची चाल बदलत का होती?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावलं आणि ते गल्लीच्या टोकापासून येताना गॅलरीतून बघत राहिले. उजवा हात चालताना मागेपुढे होत होता. डावा शरीराला चिकटून होता, आणि डाव्या चपलेचा घासल्याचा आवाज येत होता. आकड्यांतही तेच होतं. डावं पाऊल दर महिन्याला थोडं आखूड झालेलं.

"बनकर, तुम्ही डॉक्टरला दाखवा," मी म्हणाले.

"मला काय झालंय?"

"ते मला माहीत नाही. पण फरशीला दिसतंय ते खरं आहे. तिनं अर्थ चुकीचा लावलाय."

जिल्हा रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टर रेश्मा काझी होत्या. मी आणि बनकरांच्या पत्नी मंदाताई बरोबर गेलो. डॉक्टरांनी त्यांना बोटं भराभर जुळवायला लावली. उजव्या हाताची जुळली, डाव्याची चार वेळा जुळून रेंगाळली. एक ओळ लिहायला सांगितली; डावखुऱ्या बनकरांची ती ओळ शेवटाकडे बारीक होत गेली. मग डोळे मिटायला सांगून नाकाखाली लवंग धरली.

"कसला वास येतोय?"

"काही धरलंय का?" बनकरांनी विचारलं.

मंदाताईंनी माझा हात घट्ट धरला.

निदान झालं, कंपवात, म्हणजे पार्किन्सन. "पण हात तर कापत नाही," बनकर म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं की सगळ्यांना कंप सुरुवातीला येत नाही, काहींना तो येतच नाही. आधी वास जातो, अक्षर बारीक होतं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, एका बाजूचा हात हलेनासा होतो. आजार पूर्ण बरा होणार नाही. पण गोळ्या आहेत, व्यायाम आहे, आणि फार लवकर सापडलाय. अजून पुष्कळ वर्षं काम करता येईल.

रुग्णालयाच्या आवारात लिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथे आम्ही बसलो. मी मनातल्या मनात बचावाचं निवेदन जुळवायला लागले होते. फरशी, अक्षर, दोन्ही पुरावे एका कागदाने उलटणार होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा मला विसर पडला होता.

"हे मांडू नका, बाई," बनकर म्हणाले.

"का?"

"कामचोर म्हणून काढलं तर मी भांडेन. आजारी म्हणून काढलं तर कोणाशी भांडू?"

"काढता येत नाही. नोकरीत असताना असा आजार झाला तर त्या पगारावर दुसरं जमणारं काम द्यावं लागतं. कायदा आहे तसा."

"कायदा आहे हो. पण उद्या सगळे माझ्या हाताकडेच बघतील. पाण्याची बाटली उचलली तरी बघतील." ते हळू आवाजात म्हणाले, "मला तिथंच राहायचंय. ते काम मला येतं."

पदराने तोंड पुसून मंदाताई म्हणाल्या, "वास कधीपासून येत नाही तुम्हाला?"

बनकर वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले.

"मागच्या दिवाळीत तूप करपलं. घर धुरानं भरलं, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. मला वाटलं, लक्ष नाही." त्या नवऱ्याकडे वळून बसल्या. "क्लोरीन गळाला तर कळतं कशानं?"

"मीटर आहे."

"आणि मीटर बिघडलं तर?"

सव्वीस वर्षांत दोनदा मीटर बिघडलं होतं आणि दोन्ही वेळा बनकरांनी नाकाने गळती ओळखली होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. केंद्राच्या खालच्या वस्तीत तेव्हा कोणाला काही झालं नव्हतं.

"मांडा," ते शेवटी म्हणाले. "पण वासाचंही मांडा. अर्धं नको."

दुसऱ्या सुनावणीला कंपनीकडून स्नेहल पाटोळे नावाच्या अभियंता आल्या. तिशीतली, नीटनेटकी मुलगी. मी माझा आलेखाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"मॅडम, अनोळखी माणूस पहिल्यांदा आल्यावर जुळणी साधारण किती येते?"

"पंचवीस ते पंचेचाळीस."

"बनकरांच्या एक्केचाळीस नोंदींत सगळ्यात कमी किती आहे?"

त्यांनी आपल्या पडद्यावर बघितलं. "शहाऐंशी."

"मग हा माणूस कोण असेल?"

त्या पडद्यावर काहीतरी शोधू लागल्या. डाव्या पावलाचा तक्ता उघडला, मग उजव्याचा.

"हे त्यांचंच पाऊल आहे," त्या म्हणाल्या. "डावी टाच आधी टेकायची थांबली आहे. पूर्ण पाऊल एकदम पडतंय. हे आम्ही कधी पाहिलंच नाही. आमचं यंत्र फक्त हो किंवा नाही सांगतं, मधला बदल ते फेकून देतं." मग त्यांनी बनकरांकडे वळून विचारलं, "तुम्हाला बरं आहे ना?"

त्या सगळ्या प्रकरणात सरकारी बाजूच्या खुर्चीवरून बनकरांना कोणी विचारलेला तो पहिला साधा प्रश्न होता. बनकरांनी मान हलवून मला खूण केली, आणि मी डॉक्टरांचं प्रमाणपत्र फुलारी साहेबांकडे दिलं. त्यांनी ते वाचलं. पेन उचललं, पृष्ठक्रमांक घातला, आणि हर्षदकडे सरकवलं.

हर्षदने ते दोनदा वाचलं. मग नोंदवहीतलं ते बारीक अक्षर परत उघडून बघितलं.

"माझी यावर काही हरकत नाही," तो म्हणाला. बाहेर पडताना जिन्यात तो थांबला. "मॅडम, पुरावा पक्का वाटत होता हो."

"मलाही वाटला होता," मी म्हणाले. ते खरं होतं.

फुलारी साहेबांचा अहवाल सोळा पानांचा होता. तिन्ही आरोप असिद्ध. शेवटी त्यांनी दोन परिच्छेद जास्तीचे लिहिले होते. यंत्राचा अहवाल एकट्याने शिक्षेचा आधार होऊ नये. ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याला त्यामागचे आकडे मागण्याआधीच मिळावेत. आणि चालीतला बदल हा आधी विचारपूस करण्याचा विषय आहे, चौकशीचा नंतर.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. केंद्रावरून हलवताना प्रशासनाने बनकरांना आधी जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवायचं ठरवलं. ते स्वतः मुख्याधिकाऱ्यांना जाऊन भेटले. मला बरोबर येऊ दिलं नाही. बाहेर आले ते नवं काम घेऊनच. जिल्ह्यातल्या आठ नगरपरिषदांचे नवे ऑपरेटर आता त्यांच्याकडे शिकायला येतात. गोळ्या सुरू झाल्यावर डावा हात पुन्हा थोडा हलू लागला आहे. काही दिवस चांगले जातात, काही नाही. वर्गात ते पहिल्याच दिवशी स्वतःचा आजार सांगून टाकतात, म्हणजे मग कोणी हाताकडे बघत बसत नाही.

कंपनीनेही यंत्र बदललं. स्नेहल पाटोळे त्यासाठी तीन महिने रांजणपूरला येत होत्या. आता चाल हळूहळू बदलत असेल तर यंत्र तसं ओळखतं, आणि ती माहिती वरिष्ठांकडे जात नाही. बंद पाकिटातून फक्त त्या कर्मचाऱ्याकडे जाते. डॉक्टरांकडे जायचं की नाही ते त्याने ठरवायचं. त्या पत्राचा मसुदा करायचं काम नगरपरिषदेने माझ्यावर सोपवलं.

मी चार मसुदे केले. सगळ्यांची सुरुवात सारखीच होत होती. 'आपणास कळविण्यात येते की...' कितीही प्रयत्न केला तरी पेनातून तेच उतरायचं. शेवटी कागद घेऊन मी बनकरांच्या वर्गावर गेले. जेवणाची सुट्टी होती. त्यांनी डबा बाजूला सारून चारही मसुदे वाचले, सावकाश.

"बाई, असलं पाकीट हातात आलं की माणूस पुढचं वाचतच नाही," ते म्हणाले. "पहिलं वाक्य बदला."

"काय लिहू?"

त्यांनी माझं पेन घेतलं. व्यायामाच्या डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम मोठं अक्षर काढायची सवय लावली होती. तसंच, एकेक अक्षर ओढत, त्यांनी कागदाच्या डोक्यावर लिहिलं: 'तुमची काही चूक झालेली नाही.'

पत्र त्याच वाक्याने छापलं गेलं. पहिल्या वर्षात अशी सात पत्रं गेली. कोणाला गेली ते मला माहीत नाही, आणि विचारायचा मला अधिकारही नाही. पण गेल्या आठवड्यात भाजी घेताना केंद्रावरच्या ऑपरेटर शकुंतला गायधने भेटल्या. गुडघ्याला पट्टा होता. त्याच आपणहून म्हणाल्या, "वेळेत कळलं, बाई," आणि मेथीच्या दोन जुड्यांतली एक माझ्या पिशवीत घालून, जरा लंगडत, पुढे गेल्या.